ब्रेक ऑइलच्या डबीत दुसरं तेल पडलं तर…

वाहन-देखभाल : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : आमची नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागायला लागला. बोनेट उघडून पाहिलं तर ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेली होती. घरात पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची अर्धी बाटली होती, त्यातलं अंदाजे ५० मिली ओतलं. दिवा गेला. दोन दिवस गाडी ठीक चालली. तिसऱ्या दिवशी बाजारातून परतताना पेडल दगडासारखं घट्ट झालं, गाडी ओढेना आणि पुढच्या दोन्ही चाकांतून जळका वास यायला लागला. तासाभराने गाडी आपोआप मोकळी झाली. मेकॅनिक म्हणतो, मास्टर सिलिंडरपासून (पेडलचा जोर ऑइलला देणारा भाग) एबीएसपर्यंत (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सगळं बदला, खर्च पन्नास हजारांच्या वर. जुनं काढून नवीन ऑइल भरलं तर काम होणार नाही का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही होणार, आणि मेकॅनिक तुम्हाला उगाच घाबरवत नाहीये. गाडी मोकळी झाली म्हणजे बरी झाली असं समजू नका. आहे तिथेच उभी ठेवा, पेडल दाबून पाहू नका. गॅरेजपर्यंत चालवत नेण्याऐवजी फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी वाहून नेणाऱ्या सपाट ट्रकवर, चढवून न्या.

दुकानात ब्रेक ऑइल म्हणून मिळणारं डॉट ३ किंवा डॉट ४ ग्लायकॉल ईथरपासून बनतं, त्यात खनिज तेल नसतं. मास्टर सिलिंडरमधले कप, कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाची) सील, मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरची रबरं, होज पाइपचं आतलं अस्तर, डबीच्या झाकणाखालचा पडदा, हे सगळं साधारणपणे ईपीडीएम जातीच्या रबराचं असतं. ग्लायकॉलमध्ये हे रबर वर्षानुवर्षं टिकतं. पण पॉवर स्टिअरिंगचं तेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस, डिझेल, पेट्रोल, यांपैकी काहीही लागलं की ते शोषून घेतं, फुगतं आणि मऊ पडतं. तेल काढून टाकलं तरी त्या रबराचं मूळ माप आणि ताकद परत येईल याचा भरवसा नसतो. म्हणून धुऊन भागत नाही.

आता गाडी जाम का झाली ते पाहा. मास्टर सिलिंडरच्या भिंतीला डबीकडे जाणारं एक बारीक भोक असतं, जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान. तुम्ही पेडल सोडता तेव्हा रबरी कप मागे सरकून हे भोक मोकळं करतो आणि गरम होऊन फुगलेलं ऑइल तिथून डबीत परत जातं. तुमच्या गाडीत कप फुगला आणि त्या भोकावरच बसून राहिला. मग ऑइलला परतीची वाट उरली नाही. प्रत्येक वेळी ब्रेक लावल्यावर थोडा दाब आतच अडकत गेला, पॅड डिस्कला घासत राहिले, उष्णता वाढली, ऑइल आणखी प्रसरण पावलं आणि दाब आणखी वाढला. पेडल घट्ट झालं ते यामुळेच. तासाभरात सगळं थंड झालं, ऑइल आकसलं आणि चाकं सुटली. पुन्हा चालवलीत की पुन्हा हेच होईल, आणि घाटात झालं तर चाकाला आग लागण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

कॅलिपरमध्येही नुकसान होतं. तिथली चौकोनी कापाची सील ब्रेक लागताना किंचित वाकते आणि सोडल्यावर पिस्टनला मिलिमीटरचा छोटासा अंश मागे खेचते. फुगलेली सील हे काम करत नाही. होज पाइपचं अस्तर फुगलं तर आतली वाट अरुंद होते. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, मागे मात्र हळू येतं.

बरेच जण इथेच दुसरी चूक करतात. नवीन ऑइल ओतायचं आणि पेडल मारून मारून चारही चाकांच्या निपलमधून (ऑइल काढायच्या छोट्या तोटीतून) जुनं बाहेर काढायचं. पॉवर स्टिअरिंगचं तेल ब्रेक ऑइलपेक्षा हलकं असतं, म्हणून त्यातलं बरंचसं सुरुवातीला डबीत वरच तरंगत असतं. पेडल मारून तुम्ही तेच तेल खाली ओढता आणि जिथे पोचलं नव्हतं तिथे पोचवता. ओतल्या ओतल्या चूक लक्षात आली असती आणि पेडलला पायच लागला नसता, तर सिरिंजने डबी रिकामी करून, डबी तिच्या रबरांसकट बदलून आणि मास्टर सिलिंडर तपासून बहुधा सुटका झाली असती. तुम्ही दोन दिवस गाडी चालवली आणि ब्रेक जाम होऊन तापले, म्हणून ती वेळ निघून गेली आहे.

मेकॅनिकला कामाचा क्रम असा ठेवायला सांगा. आधी सिरिंजने डबी पूर्ण रिकामी करायची. झाकणाखालचा रबरी पडदा काढून पाहायचा. तो लांबून वळ्या पडल्यासारखा झाला असेल, झाकणात नीट बसत नसेल तर रबर फुगल्याचा पुरावा हातात आला. मग मास्टर सिलिंडरवरून एबीएस युनिटकडे जाणारे दोन्ही पाइप सोडवून त्यांच्यातलं ऑइल वेगवेगळ्या स्वच्छ काचेच्या बाटल्यांत घ्यायचं. चारही चाकांशीही तसंच. प्रत्येक बाटलीत तेवढंच पाणी घालून हलवायचं आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. ब्रेक ऑइल पाण्यात पूर्ण मिसळतं. वर थर किंवा तेलाचे थेंब दिसले की तिथपर्यंत तेल पोचलेलं आहे.

तुमच्या गाडीत मास्टर सिलिंडर, डबी आणि तिची रबरं, दोन्ही कॅलिपरची सील किट, मागचे दोन्ही व्हील सिलिंडर आणि सगळे होज पाइप बदलायचे, याबद्दल घासाघीस करू नका. एबीएस युनिट हा खर्चाचा सगळ्यात मोठा आकडा असतो. त्याच्या आतल्या झडपांना आणि पंपाला सील असतात, पण ते उघडून दुरुस्त करायचे सुटे भाग सहसा मिळत नाहीत. दोन पाइपांपैकी एकातही तेलाचा माग दिसला तर युनिट बदला. दोन्ही बाटल्या आणि चाकांचे नमुने खरोखर स्वच्छ निघाले तरच ते ठेवण्याचा विचार करायचा, आणि तोही स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं उपकरण) लावून आतल्या झडपा चालवत, किमान एक लिटर नवीन ऑइल आरपार काढून. शंका राहिली तर बदलाच. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुनं युनिट आणायचा सल्ला कोणी देईल. पार्ट नंबर तंतोतंत तोच हवा, बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने कोडिंग करावं लागतं, आणि त्या युनिटमध्ये आधी काय भरलं होतं हे कुणालाच ठाऊक नसतं. हा धोका पैसे वाचवण्यासाठी घेण्याजोगा नाही.

लोखंडी पाइप बदलायची गरज नाही, पण ते धुताना सावध राहा. आपल्याकडे गॅरेजमध्ये सुटे भाग डिझेलने किंवा पेट्रोलने धुवायची सवय आहे. इथे तसं केलं तर नवीन रबर पहिल्या दिवसापासूनच फुगायला लागेल. पाइप आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचे, कोरड्या हवेने फुंकून काढायचे आणि नवीन रबरं बसवताना फक्त ताजं ब्रेक ऑइल किंवा ब्रेकसाठीचं लाल रबर ग्रीस लावायचं. आणखी एक गोष्ट आवर्जून पाहा : हायड्रॉलिक क्लच असलेल्या बऱ्याच गाड्यांत क्लचचं ऑइल याच डबीतून जातं. डबीच्या बाजूने एक बारीक रबरी नळी क्लचकडे गेलेली दिसली तर क्लचचे दोन्ही सिलिंडरही या यादीत आले.

राहिला मूळ दिवा. पुढच्या कॅलिपरचा पिस्टन समजा ५४ मिलिमीटर व्यासाचा आहे. नवीन पॅड साधारण १० मिलिमीटर जाड, झिजून ३ वर आले. दोन पॅड मिळून १४ मिलिमीटर झीज, म्हणजे पिस्टन तेवढा बाहेर आला आणि त्याच्या मागे सुमारे ३२ मिली ऑइल जाऊन बसलं. दोन चाकांचं मिळून ६४ मिली. तुमच्या डबीत जेवढं कमी दिसलं, जवळपास तेवढंच! बहुधा गळती नव्हतीच, पॅड संपत आले होते आणि नवीन पॅड बसवल्यावर पातळी आपोआप वर आली असती. लाल दिवा लागला की आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का ते पाहायचं, मग पॅडची जाडी. पॅड जाड असूनही पातळी उतरली असेल तर चारही चाकांच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या कडेला आणि पेडलच्या वर मास्टर सिलिंडरच्या मागे ओल शोधायची. डबी भरणं हा यातल्या कशावरच इलाज नाही.

प्रश्न : व्हिडिओ पाहून सेडानचे मागचे ब्रेक पॅड स्वतः बदलायला घेतले. पुढचे पिस्टन क्लॅम्पने सहज आत गेले होते. मागचा जाईना म्हणून क्लॅम्प पाइप लावून आवळला. पिस्टन थोडा आत गेला, पॅड बसले, पण आता त्या चाकाला हँडब्रेक धरतच नाही. केबल ताणून पाहिली.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : केबल पुन्हा होती तशी सैल करा, दोष तिथे नाही. मागच्या डिस्क ब्रेकमध्ये हँडब्रेकची केबल कॅलिपरवरच येत असेल तर पिस्टनच्या आत एक स्क्रू आणि आपोआप जुळणारी यंत्रणा असते. पॅड झिजतील तशी ही यंत्रणा स्क्रूवर जुळत जाते आणि बाहेर आलेल्या पिस्टनला तिथेच धरून ठेवते. तो नुसता दाबायचा नसतो, फिरवत फिरवत आत न्यायचा असतो. ओळख सोपी आहे : अशा पिस्टनच्या तोंडावर दोन किंवा चार खाचा असतात, पुढच्या पिस्टनचं तोंड साध्या वाटीसारखं पोकळ असतं. जोर लावून दाबल्यामुळे आतली यंत्रणा मोडली आहे असंच दिसतं. ती सहसा सुटी मिळत नाही. त्या बाजूचा कॅलिपर बदलावा लागेल, आणि दुसऱ्या बाजूलाही तसाच जोर लावला असेल तर तोही तपासून घ्या.

पुढच्या वेळी पिस्टन रिवाइंड टूल वापरा. सुट्या भागांच्या दुकानात किंवा ऑनलाइन संच मिळतो. हलका दाब ठेवून फिरवायचं. बहुतेक पिस्टन घड्याळाच्या दिशेने आत जातात, पण काही गाड्यांत डाव्या आणि उजव्या चाकाची दिशा उलटी असते. दोन-तीन फेऱ्यांत हलत नसेल तर थांबून मॅन्युअल पाहा. शेवटी पिस्टनच्या खाचा अशा ठेवायच्या की पॅडच्या पाठीवरची खुंटी बरोबर खाचेत बसेल. खुंटी कडेवर चढली तर पॅड तिरका झिजतो. गाडीला बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर काम सुरू करण्याआधी स्कॅनरने किंवा मॅन्युअलमधल्या पद्धतीने सर्व्हिस मोड लावणं सक्तीचं आहे. तसं न करता पिस्टन ढकलला तर मोटरचे गिअर तुटतात.

पिस्टन आत ढकलण्याआधी डबीतलं थोडं ऑइल सिरिंजने काढून ठेवा, नाहीतर ते उतू जातं. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर ऑइलमुळे रंग निघतो. कॅलिपर होज पाइपवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा. पाइपवर आलेला ताण बाहेरून दिसत नाही. सरकत्या पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर पिनेची रबरी टोपी फुगते आणि कॅलिपर एका बाजूने अडकतो. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हात आत घालू नका, स्टँड लावा.

आणि सगळं बसवून झाल्यावर, गाडी हलवण्याआधी, पेडल घट्ट होईपर्यंत हळूहळू दाबा. पिस्टन मागे ढकललेला असल्यामुळे पहिल्या काही दाबांना पेडल थेट खाली जातं. हे न करता गाडी मागे घेऊन भिंतीला किंवा फाटकाला लावणारे लोक दरवर्षी निघतात. पेडल मारताना ते तळाला आपटू नका, अर्ध्यापर्यंतच दाबा. जुन्या मास्टर सिलिंडरच्या तळाकडचा भाग रोजच्या वापरात येत नाही, तिथे गंज किंवा गाळ साचतो आणि कप तिथवर गेला की चिरतो.

प्रश्न : बाइकचा पुढचा डिस्क ब्रेक चूं चूं करत होता म्हणून गंज काढायचा स्प्रे मारला. आवाज गेला, पण ब्रेक लागतच नाही. पॅड गॅसवर तापवून तेल जाळता येईल असं एकाने सुचवलं.
— एक वाचक, पुणे

उत्तर : गॅसवर तापवू नका. पॅडचं मटेरियल सच्छिद्र असतं, तेल आतवर मुरतं. वरचं जळालं तरी ब्रेक तापला की आतलं पुन्हा पृष्ठभागावर येतं. वर तापवण्यामुळे मटेरियल लोखंडी पाटीवरून सुटू शकतं. पॉलिश पेपरने घासूनही हेच. पॅडची जोडी टाकून द्या. ब्रेक न लागण्याच्या तुलनेत तिची किंमत काहीच नाही.

डिस्क मात्र वाचते. ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन दोन्ही बाजू पुसा. कापड काळं न होता निघेपर्यंत दर वेळी नवीन भाग वापरा. डिस्कची भोकंही पुसा, त्यात स्प्रे साचलेला असतो. नवीन पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरवरून ५ वर दहा-बारा वेळा, चाक न अडकवता, मधे थंड होऊ देत ब्रेक लावा. तोवर गर्दीत नेऊ नका.

आवाज बहुतेकदा पॅडच्या पाठीवरच्या कंपनाचा, चिकटलेल्या पिनेचा किंवा पॅड झिजून खुणेपर्यंत आल्याचा असतो. तेच शोधायचं. डिस्कला आणि पॅडच्या घासणाऱ्या बाजूला कुठलंही वंगण कधीच नको. चेनला स्प्रे मारताना मागच्या डिस्कमध्ये पुठ्ठा धरा.

प्रश्न : मागच्या महिन्यात मीच गाडीचं ब्रेक ऑइल बदललं. दोन वर्षांपूर्वी उघडलेली डॉट ४ ची अर्धी बाटली शिल्लक होती, तीच वापरली. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरताना पेडल मऊ होऊन जवळजवळ तळाला गेलं. खाली थांबून थंड झाल्यावर पुन्हा नीट. हवा राहिली असेल का?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : हवा राहिली असती तर पेडल पहिल्या दिवसापासून स्पंजासारखं लागलं असतं. थंड झाल्यावर आपोआप नीट होणं हे ऑइल उकळल्याचं लक्षण आहे. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. मानकाप्रमाणे ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. लांब उतारावर कॅलिपरजवळचं ऑइल इतकं तापू शकतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. पायाचा जोर पॅडपर्यंत पोचतच नाही.

उघडलेली बाटली झाकण लावलेलं असलं तरी ओल धरते, आणि कोकणपट्टीच्या पावसाळ्यात तर जास्तच. २५० मिलीच्या सीलबंद बाटल्या घ्या, उरलेलं पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. तुमच्या गाडीसाठी नवीन डॉट ४ चं एक लिटर आणून चारही निपलमधून जुनं पूर्ण काढा. चाकांचा क्रम मॅन्युअलप्रमाणे, आणि डबी मधेच रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर खरोखर हवा शिरेल. यापुढे दर दोन वर्षांनी बदला. ‘डॉट ५’ लिहिलेलं चुकूनही भरू नका, ते सिलिकॉनचं असतं आणि उरलेल्या ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही. ‘डॉट ५.१’ ग्लायकॉलचंच आहे, ते चालतं.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर सतत पाय ठेवू नका. पेडल पुन्हा मऊ लागलं तर पटापट दोन-तीनदा मारून दाब येतो का ते पाहा, गिअर खाली घ्या, हँडब्रेक हळूहळू ओढा आणि डोंगराच्या बाजूला थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती तडकू शकते. किमान अर्धा तास तशीच थंड होऊ द्या.